पुनर्संयोजित मानवी फॉस्फेटेज ‘पीटीपी-१बी’ : प्रयोगनळीतील प्रथिन आणि त्यावर आधारित निष्कर्षांच्या मर्यादा

सारांश

शुद्ध स्वरूपात विकत मिळणाऱ्या पुनर्संयोजित मानवी प्रथिनांमुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही मानवी विकरांचा अभ्यास करणे शक्य झाले आहे. तथापि कुपीतील प्रथिन हे पेशीतील प्रथिनाचे तंतोतंत प्रतिरूप नसते. प्रस्तुत लेखात ‘पीटीपी-१बी’ या मानवी टायरोसिन फॉस्फेटेजाचे उदाहरण घेऊन अशा प्रथिनाचा शोध, निर्मिती, कार्यपद्धती व मापन यांचे विवेचन केले आहे. तसेच त्याच्या साह्याने मिळणारे निष्कर्ष कोठवर ग्राह्य मानावेत आणि कोणत्या चाचण्यांशिवाय ते ग्राह्य मानू नयेत, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : फॉस्फेटेज, पुनर्संयोजित प्रथिन, टायरोसिन, इन्शुलिन, विकर-निरोध, नियंत्रण चाचणी.

१. प्रास्ताविक

जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र या विभागांतील पदव्युत्तर प्रकल्पांमध्ये ‘अमुक वनस्पतीच्या अर्काचा मधुमेहविरोधी गुणधर्म’ हा विषय आता सर्वपरिचित झाला आहे. जांभळाची बी, गुळवेल, मेथी अशा वनस्पतींची निवड होते. अर्क तयार केला जातो आणि तो एखाद्या विकराचे कार्य किती प्रमाणात रोखतो याचे मापन केले जाते. या मापनासाठी वापरले जाणारे विकर अनेकदा मानवी असते. अर्थात ते मानवी शरीरातून काढलेले नसते. मानवी जनुकाची प्रत जीवाणूत घालून त्या जीवाणूकडून ते करवून घेतलेले असते. अशा प्रथिनास ‘पुनर्संयोजित’ प्रथिन असे म्हणतात.

पन्नास किंवा शंभर मायक्रोग्रॅम प्रथिनाची एक लहानशी कुपी, सोबत एक माहितीपत्रक आणि त्यावर ‘केवळ संशोधनासाठी’ अशी सूचना, एवढ्या सामग्रीवर एखादा प्रबंध उभा राहतो. त्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून आपण स्वाक्षरी करतो. संशोधन समितीचे सदस्य म्हणून अन्य विद्याशाखांचे प्राध्यापकही त्याचे मूल्यमापन करतात. त्यामुळे कुपीत नेमके काय आहे आणि त्यावरून काय सिद्ध होते, हा प्रश्न केवळ जीवरसायनशास्त्रज्ञांचा राहत नाही. त्याचे उत्तर शक्य तितक्या सुबोध रीतीने मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. फॉस्फेट गटाचे चढणे व उतरणे

पेशीतील प्रथिने एकदा तयार झाली म्हणजे सतत एकाच वेगाने काम करीत राहतात असे नाही. त्यांचे कार्य आवश्यकतेनुसार कमीअधिक करावे लागते. त्यासाठी पेशी वापरत असलेल्या उपायांपैकी एक प्रमुख उपाय म्हणजे प्रथिनावर फॉस्फेट गट चढवणे अथवा त्यावरून तो उतरवणे. फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात, तर उतरवणाऱ्या विकरांना फॉस्फेटेज म्हणतात. एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांनी अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात १९५५ च्या सुमारास स्नायूंतील ग्लायकोजेनच्या विघटनाचा अभ्यास करताना ही व्यवस्था प्रथम उलगडून दाखवली. या कार्याबद्दल त्यांना १९९२ चे शरीरक्रियाशास्त्र अथवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवी पेशीत फॉस्फेट गट प्रामुख्याने सेरीन, थ्रिओनिन व टायरोसिन या तीन अमिनो आम्लांवर चढतो. त्यांपैकी टायरोसिनवरील फॉस्फेटचे प्रमाण अत्यल्प असल्याने ते दीर्घकाळ कोणाच्या लक्षातच आले नव्हते. १९७९ मध्ये अमेरिकेतील सॉल्क संस्थेत टोनी हंटर व त्यांच्या सहकाऱ्यांना ते प्रथम आढळले. हे प्रमाण अल्प असले तरी त्याचे महत्त्व मोठे आहे. पेशीची वाढ, विभाजन आणि इन्शुलिनला पेशीने दिलेला प्रतिसाद या साऱ्या गोष्टी टायरोसिनवरील फॉस्फेटशी निगडित आहेत.

इन्शुलिनचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. पेशीपटलावरील इन्शुलिनचा ग्राही हा स्वतःच एक टायरोसिन कायनेज आहे. इन्शुलिन बाहेरून त्याला येऊन मिळाले की ग्राहीच्या आतील भागातील टायरोसिनांवर फॉस्फेट चढतो आणि तेथून पुढे संदेशांची साखळी सुरू होते. ही साखळी अखंड चालू राहणे इष्ट नसते. म्हणून ग्राहीवरील फॉस्फेट उतरवण्याची व्यवस्थाही पेशीत असते. ते काम करणाऱ्या विकरांपैकी एक महत्त्वाचे विकर म्हणजे पीटीपी-१बी होय. या विकराला रोखले तर इन्शुलिनचा संदेश अधिक काळ टिकेल, हा मधुमेहविषयक संशोधनातील त्याच्या आकर्षणामागील साधा तर्क आहे.

३. मानवी वारेपासून जीवाणूपर्यंत

१९८८ मध्ये निकोलस टोंक्स, कर्टिस डिल्ट्झ व एडमंड फिशर यांनी हे विकर मानवी वारेतून, म्हणजेच प्रसूतीनंतर बाहेर पडणाऱ्या अपरेतून, शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. ‘१बी’ हे नाव कोणत्याही गुणधर्मावरून पडलेले नाही. शुद्धीकरणाच्या ओघात एकमेकांपासून वेगळ्या झालेल्या अंशांना दिलेली ती क्रमनावे होत. पुढे त्याची अमिनो आम्लांची शृंखला वाचली गेली तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. सेरीन व थ्रिओनिनवरील फॉस्फेट उतरवणाऱ्या, तोवर ज्ञात असलेल्या फॉस्फेटेजांशी तिचे काहीच साम्य नव्हते. साम्य आढळले ते पांढऱ्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-४५ या प्रथिनाशी. टायरोसिन फॉस्फेटेज हे विकरांचे एक स्वतंत्र कुल आहे, हे यावरून स्पष्ट झाले. २००४ मध्ये झालेल्या गणनेनुसार मानवी जनुकसंचात या कुलाची १०७ जनुके आढळली, त्यांपैकी ३८ ‘अभिजात’ टायरोसिन फॉस्फेटेजांची होती.

या इतिहासातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. वारेतून मिळालेल्या प्रथिनात ३२१ अमिनो आम्ले होती. परंतु १९९० मध्ये त्याच्या जनुकाची प्रत वाचली गेली तेव्हा पूर्ण प्रथिन ४३५ अमिनो आम्लांचे असल्याचे कळले. म्हणजे शुद्ध केलेले प्रथिन मूळचे पूर्ण रूप नव्हते. त्याचा शेवटचा भाग तुटून गेला होता. हा भाग निरुपयोगी नव्हता. त्याच्या अखेरच्या सुमारे ३५ अमिनो आम्लांमुळे हे विकर पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेच्या पृष्ठभागाला जखडून राहते, असे १९९२ मध्ये दाखवण्यात आले. प्रथिन शुद्ध झाले, तरी त्याचा ठावठिकाणा ठरवणारा भाग मात्र त्याच्यासोबत आला नव्हता. आज कुपीत विकत मिळणाऱ्या प्रथिनाबाबतही हीच गोष्ट बहुधा खरी असते. फरक एवढाच, की आता तो भाग जाणीवपूर्वक वगळलेला असतो.

४. पुनर्संयोजित प्रथिनाची निर्मिती

‘पुनर्संयोजित’ हे विशेषण खरे तर प्रथिनाचे नसून डीएनएचे आहे. दोन भिन्न सजीवांचे डीएनए जोडून तयार केलेल्या रेणूपासून हे प्रथिन घडते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्याची कृती थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येईल.

मानवी जनुकात प्रथिनाची माहिती सलग नसते. मधून मधून असे खंड असतात की जे पेशी संदेशवाहक आरएनए तयार करताना कापून टाकते. जीवाणूला ही कापणी करता येत नाही. म्हणून मूळ जनुकाऐवजी संदेशवाहक आरएनएवरून तयार केलेली डीएनए प्रत वापरतात. या प्रतीतील हवा तेवढा भाग प्लाझ्मिड या वर्तुळाकार डीएनएत बसवून ते ई. कोलाय या जीवाणूत सोडले जाते. जीवाणूंची पुरेशी वाढ झाल्यावर माध्यमात आयपीटीजी हे रसायन घालून त्या जनुकाचे कार्य सुरू केले जाते. या वेळी तापमान कमी ठेवल्यास प्रथिन सावकाश तयार होते आणि त्याची घडी नीट पडण्याचा संभव वाढतो. त्यानंतर जीवाणू फोडून, अविद्राव्य भाग सेंट्रिफ्यूजने वेगळा काढून, उरलेल्या द्रवातून हवे ते प्रथिन निवडून घ्यावे लागते.

ही निवड सोपी व्हावी म्हणून प्रथिनाच्या एका टोकाला सहा हिस्टिडिनांचे शेपूट जोडलेले असते. हिस्टिडिन निकेलच्या आयनाला धरून ठेवते. त्यामुळे निकेल असलेल्या स्तंभातून द्रव सोडला की शेपूट असलेले प्रथिन अडकते आणि बाकीची प्रथिने बहुतांशी निघून जातात. पुढे इमिडॅझोलचे द्रावण सोडून अडकलेले प्रथिन मोकळे करतात. काही उत्पादक हिस्टिडिनऐवजी जीएसटी हे सुमारे २६,००० डाल्टनचे संपूर्ण प्रथिनच जोडतात.

पीटीपी-१बीच्या बाबतीत पहिली २९८ किंवा ३२१ अमिनो आम्ले एवढाच भाग बहुधा घेतला जातो. पटलाला जखडणारे जलविरोधी टोक तसेच ठेवले तर प्रथिन पाण्यात नीट विरघळत नाही. उत्प्रेरणाचे कार्य करणारा संपूर्ण भाग पहिल्या तीनशे अमिनो आम्लांत सामावलेला असल्याने हे छाटलेले प्रथिनही विकर म्हणून उत्तम काम करते. याच छाटलेल्या रूपाचे स्फटिक करून डेव्हिड बारफोर्ड, अँड्र्यू फ्लिंट व निकोलस टोंक्स यांनी १९९४ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने त्याची त्रिमितीय रचना निश्चित केली.

५. विकराची कार्यपद्धती आणि त्याचा नाजूकपणा

या विकराच्या क्रियास्थानी २१५ व्या क्रमांकावर सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे. सर्वसाधारणपणे सिस्टीनमधील गंधकाजवळचा हायड्रोजन ८ च्या आसपासच्या सामूला सुटू लागतो. येथे मात्र भोवतालच्या रचनेमुळे तो ५ ते ६ सामूच्या दरम्यानच सुटतो आणि गंधकावर ऋण प्रभार येतो. हा प्रभारित गंधक टायरोसिनवरील फॉस्फरसवर आघात करतो. २२१ व्या स्थानावरील आर्जिनिन फॉस्फेटला धरून ठेवते, तर १८१ व्या स्थानावरील ॲस्पार्टिक आम्ल सुटणाऱ्या टायरोसिनला हायड्रोजन पुरवते. परिणामी फॉस्फेट तात्पुरता सिस्टीनला जोडला जातो. दुसऱ्या टप्प्यात पाण्याचा रेणू येऊन फॉस्फेटला मुक्त करतो आणि विकर पुढील फेरीसाठी सज्ज होते.

यातील दोन गोष्टी संशोधकांना फार उपयोगी पडल्या. २१५ व्या सिस्टीनच्या जागी सेरीन घातले तर विकराचे कार्य जवळजवळ पूर्णपणे थांबते. १८१ व्या ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी ॲलॅनिन घातले तर विकर आपल्या लक्ष्याला पकडते, परंतु फॉस्फेट उतरवण्याचा वेग अतिशय मंदावतो. १९९७ मध्ये या दुसऱ्या उत्परिवर्तनाचा उपयोग करून पेशीतील कोणती प्रथिने या विकराची खरी लक्ष्ये आहेत, ती अक्षरशः जाळ्यात पकडावी तशी पकडण्यात आली. लक्ष्य असलेल्या अशा रेणूस सबस्ट्रेट म्हणतात.

परंतु ज्या गुणामुळे हा गंधक क्रियाशील आहे, त्याच गुणामुळे तो नाजूकही आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संपर्कात त्याचे सहज ऑक्सिडीकरण होते आणि विकर निष्क्रिय बनते. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले, की सौम्य ऑक्सिडीकरणानंतर हा गंधक शेजारच्या नायट्रोजनशी बंध तयार करतो आणि योग्य क्षपणक मिळाल्यास पुन्हा पूर्वस्थितीत येतो. पेशीत ही बाब कदाचित नियमनासाठी उपयुक्त ठरत असेल. प्रयोगशाळेत मात्र ती अनेक फसव्या निष्कर्षांचे मूळ ठरते. त्याचा विचार पुढे केला आहे.

६. माहितीपत्रकाचे वाचन

कुपीसोबतच्या माहितीपत्रकातील पुढील बाबी प्रयोग सुरू करण्यापूर्वी नोंदवहीत उतरवून घ्याव्यात.

(अ) अमिनो आम्लांची कक्षा : प्रथिन १ ते २९८ आहे, १ ते ३२१ आहे की पूर्ण ४३५? २००४ नंतर अभ्यासले गेलेले काही निरोधक क्रियास्थानाला न चिकटता दूरच्या भागाला चिकटतात. काहींचा परिणाम तर छाटून टाकलेल्या शेवटच्या भागावर अवलंबून असतो. असा निरोधक छाटलेल्या प्रथिनावर निष्प्रभ ठरला, तर दोष निरोधकाचा मानता येत नाही.

(आ) शेपूट : ते कोणते आहे व काढून टाकलेले आहे काय? जीएसटी जोडलेले असल्यास प्रथिनाचे वस्तुमान मोठ्या प्रमाणात वाढते. एक मायक्रोग्रॅममध्ये विकराचे रेणू किती, याचे गणित त्यामुळे बदलते.

(इ) शुद्धता आणि क्रियाशीलता : या दोन भिन्न गोष्टी आहेत. जेलवर एकच पट्टा दिसला म्हणजे प्रथिन शुद्ध आहे एवढेच कळते. ते सक्रिय आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. ऑक्सिडीकरणाने मृत झालेले विकरही जेलवर तितकाच सुबक पट्टा देते.

(ई) एककाची व्याख्या : मिनिटाला एक मायक्रोमोल सबस्ट्रेटचे रूपांतर म्हणजे एक एकक, ही व्याख्या प्रचलित आहे. परंतु काही ठिकाणी नॅनोमोलची व्याख्या वापरलेली असते. या दोहोंत हजारपटीचा फरक आहे. शिवाय सबस्ट्रेट, सामू व तापमान वेगळे असल्यास एककांची तुलनाच करता येत नाही.

(उ) साठवणीचा द्रव : त्यात बहुधा ग्लिसरॉल व डायथायोथ्रायटॉल हे क्षपणक असते. प्रथिन उणे ८० अंश सेल्सिअसला, लहान लहान भागांत विभागून ठेवावे, आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजमध्ये तापमान ठरावीक काळाने वर जाते. त्यामुळे ते या कामासाठी योग्य नाही.

७. मापनाची पद्धत : एक उदाहरण

सर्वांत सुलभ पद्धतीत पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हा रंगहीन कृत्रिम सबस्ट्रेट वापरतात. विकराने त्यावरील फॉस्फेट उतरवला की पॅरा-नायट्रोफेनॉल तयार होते. हा पदार्थ अल्कधर्मी द्रावणात पिवळा दिसतो आणि ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. अभिक्रिया ६ च्या आसपासच्या सामूला केली असेल तर हा रंग पुरता उमटत नाही. म्हणून शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड घालावे लागते. त्यामुळे अभिक्रियाही थांबते.

स्पष्टीकरणासाठी काही सोयीचे आकडे घेऊ. सोडियम हायड्रॉक्साइड धरून एकूण आकारमान १ मिलिलिटर आहे. विकर ०.१ मायक्रोग्रॅम घेतले आहे, वेळ १० मिनिटे आहे आणि विकररहित नळीचे वाचन वजा केल्यावर शोषकता ०.३६ आली आहे. पॅरा-नायट्रोफेनॉलचा मोलर शोषण गुणांक सुमारे १८,००० धरला तर ०.३६ ला १८,००० ने भागून लिटरमागे २० मायक्रोमोल, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० नॅनोमोल पदार्थ तयार झाला असे कळते. मिनिटाला २ नॅनोमोल, आणि एका मायक्रोग्रॅम विकरामागे मिनिटाला २० नॅनोमोल, ही त्याची विशिष्ट क्रियाशीलता झाली. हे गणित १ सेंटिमीटर पथलांबी गृहीत धरते. ९६ कप्प्यांच्या पट्टीवर वाचन घेतल्यास पथलांबी द्रवाच्या उंचीवर अवलंबून असते. ही दुरुस्ती न केल्यामुळे चुकलेली उत्तरे प्रबंधांत आढळतात.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हा सबस्ट्रेट केवळ पीटीपी-१बीचा नाही. ई. कोलायच्या स्वतःच्या अल्कलाइन फॉस्फेटेजासह अनेक विकरे त्याचे विघटन करतात. दिसणारा रंग आपल्याच विकराचा आहे हे दाखवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे २१५ व्या स्थानी सेरीन असलेले निष्क्रिय प्रथिन त्याच रीतीने शुद्ध करून समांतर चाचणी घेणे. ते उपलब्ध नसल्यास ईडीटीए वापरावे. अल्कलाइन फॉस्फेटेजला धातूंचे आयन लागतात, म्हणून ईडीटीएमुळे ते निष्क्रिय होते. टायरोसिन फॉस्फेटेजला धातू लागत नसल्याने त्याचे कार्य चालू राहते. व्हॅनाडेट हा टायरोसिन फॉस्फेटेजांचा सुपरिचित निरोधक तुलनेसाठी वापरण्याची प्रथा आहे. परंतु ईडीटीए व्हॅनाडेटला बांधून ठेवते आणि त्याचा निरोध नाहीसा करते. दोन्ही एकाच नळीत घातले तर तुलनाच निरर्थक होते.

८. फसवा निरोध

अर्क घातल्यावर रंग कमी झाला म्हणजे अर्काने विकर रोखले, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तथापि रंग कमी होण्याची अन्य कारणेही संभवतात.

पहिले कारण अर्काचा स्वतःचा रंग. वनस्पतींचे बहुतेक अर्क पिवळे ते तपकिरी असतात आणि ४०५ नॅनोमीटरला प्रकाश शोषतात. अर्काच्या प्रत्येक संहतीसाठी विकररहित नळी ठेवली नाही, तर वजाबाकी चुकते आणि निरोध खरा त्याहून कमी किंवा अधिक भासतो.

दुसरे कारण ऑक्सिडीकरण. अर्कातील क्विनोनसदृश पदार्थ आणि नळीतील डायथायोथ्रायटॉल यांच्या अन्योन्यक्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊ शकते. ते क्रियास्थानावरील सिस्टीन निकामी करते. निरोध खरोखर घडतो, पण तो वनस्पतीतील एखादा रेणू विकरात नेमका बसल्यामुळे नव्हे. याची परीक्षा सोपी व स्वस्त आहे. नळीत कॅटलेज घालावे. कॅटलेज हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करते. त्याच्या उपस्थितीत निरोध नाहीसा झाला, तर कारण उघड झाले.

तिसरे कारण पुंजीभवन. काही पदार्थ पाण्यात सूक्ष्म पुंज तयार करतात आणि विकर त्या पुंजांच्या पृष्ठभागावर अडकून निष्क्रिय होते. ट्रायटन एक्स-१०० या अपमार्जकाचे ०.०१ टक्के इतके अल्प प्रमाण घातल्यावर निरोध ओसरला, तर पुंजीभवनाची शंका बळावते.

चौथे कारण टॅनिन. ते जवळपास कोणत्याही प्रथिनाशी बद्ध होते. अर्क पीटीपी-१बीसोबतच संबंध नसलेली अन्य विकरेही तितक्याच जोमाने रोखत असेल, तर त्यास विशिष्ट निरोध म्हणता येणार नाही.

पाचवे कारण विकराचा मृत्यू. या संदर्भात प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव नमूद करणे उचित होईल. मार्गदर्शनाखालील एका विद्यार्थिनीने सकाळी नियंत्रण नळ्यांचे आणि दुपारनंतर अर्काच्या नळ्यांचे वाचन घेतले. निरोध ऐंशी टक्क्यांच्या वर गेला. आम्ही आनंदित झालो आणि प्रकरणाचे लेखनही सुरू झाले. पुढे काही आठवड्यांनी दुसऱ्या कामासाठी नियंत्रण नळ्यांचे वाचन दुपारी घेतले, तेव्हा त्याही जवळजवळ रंगहीन निघाल्या. विरल केलेले विकर क्षपणकाविना बर्फात ठेवले होते आणि काही तासांत ते आपोआप निष्क्रिय होत होते. अर्काचा त्यात फारसा वाटा नव्हता. प्रकरण काढून टाकावे लागले. चूक विद्यार्थिनीची नव्हती. नियंत्रण व प्रायोगिक नळ्या एकाच वेळी वाचाव्यात, ही प्राथमिक सूचना मार्गदर्शकाने द्यावयास हवी होती आणि ती दिली गेली नव्हती.

९. प्रयोगनळीपासून रुग्णापर्यंतचे अंतर

वरील सर्व परीक्षांतून पार पडलेला निरोध खरा मानता येईल. तरीही त्याचा अर्थ मर्यादितच राहतो. विकराचे निम्मे कार्य थांबवणारी संहती हा आकडा प्रबंधात ठळकपणे दिला जातो. परंतु निरोधक सबस्ट्रेटशी स्पर्धा करणारा असेल, तर सबस्ट्रेटचे प्रमाण वाढवताच हा आकडाही वाढतो. सबस्ट्रेटची संहती न सांगता दिलेला हा आकडा तुलनेस निरुपयोगी ठरतो.

त्यापुढील प्रश्न विशिष्टतेचा आहे. टीसी-पीटीपी हे मानवी विकर पीटीपी-१बीचे अगदी निकटचे भावंड आहे. त्यांच्या उत्प्रेरक भागांतील सुमारे तीन-चतुर्थांश अमिनो आम्ले समान आहेत. १९९९ मध्ये पीटीपी-१बीचे जनुक नसलेल्या उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ते उंदीर निरोगी होते, इन्शुलिनला अधिक संवेदनशील होते आणि स्निग्ध आहारावरही लठ्ठ होत नव्हते. याउलट टीसी-पीटीपी नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच मरण पावतात, हे १९९७ मध्येच दिसून आले होते. दोन्ही विकरांना एकाच वेळी रोखणारा पदार्थ मधुमेहासाठी दीर्घकाळ देणे किती जोखमीचे ठरू शकेल, याची यावरून कल्पना येते. हीच गोष्ट अन्यत्र उपयुक्त ठरू शकते. दोन्ही विकरांना रोखणाऱ्या एका रेणूमुळे उंदरांमध्ये कर्करोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरा प्रश्न प्रवेशाचा आहे. क्रियास्थान ऋणप्रभारित फॉस्फेट धरण्यासाठी घडलेले असल्याने त्यात उत्तम बसणारे रेणूही बहुधा ऋणप्रभारित असतात. असे रेणू पेशीपटल सहजासहजी ओलांडत नाहीत. नळीत प्रभावी ठरलेला रेणू पेशीत निष्प्रभ ठरण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. १९९९ च्या त्या उत्साहवर्धक अभ्यासानंतर औषधनिर्मिती उद्योगाने या विकरावर मोठे परिश्रम घेतले, काही पदार्थ मानवी चाचण्यांपर्यंतही पोहोचले. परंतु पीटीपी-१बीला रोखणारे मधुमेहावरील एकही मान्यताप्राप्त औषध अद्याप उपलब्ध झालेले नाही. या पार्श्वभूमीवर एका अर्काच्या एका चाचणीवरून ‘मधुमेहावर गुणकारी’ असे विधान करणे किती धाडसाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. असे विधान वृत्तपत्रात जाते, तेथून रुग्णाच्या घरी जाते आणि एखादा रुग्ण चालू औषध सोडून काढ्याकडे वळण्याचा धोका निर्माण होतो.

१०. समारोप

पुनर्संयोजित मानवी फॉस्फेटेज हे महाविद्यालयीन संशोधनाला लाभलेले एक मोलाचे साधन आहे. प्राण्यांचा बळी न देता, मोजक्या सामग्रीत, एका मानवी विकराचे कार्य विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो. परंतु हे साधन म्हणजे छाटलेले, शेपूट जोडलेले, आपल्या स्वाभाविक स्थानापासून दूर आणलेले आणि ऑक्सिडीकरणास सहज बळी पडणारे प्रथिन आहे. त्याच्याकडून मिळणारे उत्तर हे त्याला विचारलेल्या मर्यादित प्रश्नाचेच उत्तर असते.

मार्गदर्शक व परीक्षक या नात्याने पुढील पाच गोष्टींची मागणी आपण प्रत्येक प्रबंधाकडे करावी असे सुचवावेसे वाटते : प्रथिनाची कक्षा, शेपूट व उत्पादन-गट क्रमांक यांची नोंद, प्रयोगाच्या दिवशी स्वतः मोजलेली विशिष्ट क्रियाशीलता, प्रत्येक संहतीसाठी विकररहित आणि त्याच वेळी वाचलेली अर्करहित नळी, कॅटलेज व अपमार्जक यांच्या चाचण्या, आणि किमान एका अन्य फॉस्फेटेजावरील तुलना. यासाठी फार मोठा खर्च येत नाही. या चाचण्यांनंतर निरोध टिकला, तर ‘या अर्काने पीटीपी-१बीच्या उत्प्रेरक भागाचे कार्य प्रयोगनळीत रोखले’ असे विद्यार्थ्याने निःशंकपणे लिहावे. तो टिकला नाही, तर तेही तितक्याच प्रांजळपणे लिहावे आणि आपण त्याला त्याबद्दल गुण द्यावेत. नकारात्मक निष्कर्षाला गुण मिळतात हे विद्यार्थ्याला एकदा कळले, की कॅटलेजची ती एक नळी ठेवण्यास तो कचरणार नाही.